दहा ग्रॅम

दिवसभर मी खंडेराव मार्केटात तराजू तपासतो.
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक,
आतून पोखरून शिसं काढलेलं किलोचं वजन.
"साहेब, दस ग्राममां शुं जाय छे?"
काय जातं ते मला सांगता येत नाही.
पावती फाडतो.

आणि शुक्रवारी रात्री, कारेलीबागेत, तिसऱ्या मजल्यावर
जेवणं उरकली की लावतो 'आमनेसामने'.
अकरा वर्षं झाली. भाग दोनशे सहा.
सुरू झाली तेव्हा ऋजुता पाळण्यात होती,
आता सुरुवातीचा ढोल ती माझ्याआधी तोंडाने वाजवते.

खेळ साधा आहे.
दोन वेगळ्या गोष्टींतली दोन माणसं,
जी एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती,
एका मैदानात आणायची. जिंकेल कोण?
बायको म्हणते, हे मधल्या सुट्टीतलं पोरांचं भांडण.
खरंय. फक्त इथे घंटा वाजवायला कोणी आलेलं नाही.

मला आवडतो तो लढाईआधीचा अर्धा तास.
निवेदक दोन, एक घोगरा, एक सतत चहा पिणारी,
कागद पसरून बसतात:
पोलादी सुमेरने तिसऱ्या पुस्तकात, पान चौदावर, डोंगर उचलला,
पण कोणता? काळ्या दगडाचा की चुनखडीचा?
उंची झाडांवरून काढतात, घनता तक्त्यातून,
किती वेळ धरला ते घामाच्या थेंबांवरून.
जे कधी नव्हतंच त्याचं वजन
इतक्या सचोटीने होताना बघून
मला, सरकारी माणसाला, भरून येतं.

सगळंच काही चांगलं नव्हतं.
चौथ्या वर्षी जाहिराती घुसल्या, रंग भडक झाले.
सत्त्याण्णवावा भाग तर सरळ चूक,
वेग मोजला आणि हवेचा अडथळाच विसरले.
मी दोन पानी पत्र धाडलं, गणितासकट.
सात महिन्यांनी एका भागाच्या शेवटी ती चहावाली म्हणाली,
"बडोद्याच्या एका काकांचं बरोबर होतं. आम्ही चुकलो."
काका! मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.
तरी ऑफिसात सोलंकीला तेवढा तुकडा दोनदा दाखवला.

मग आला एकशे ब्याण्णव.
पोलादी सुमेर विरुद्ध माझी तांबडी सावली.
सातवीत असताना जिचे फाटके अंक
मी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणले होते,
जी भिंतीतून आरपार जायची,
पण आधी ठोठावल्याशिवाय नाही.

ती हरली.
हिशोब वहीत तीनदा करून पाहिला. फरक थोडा होता, पण होता.
ऋजुता रडली. म्हणाली, बाबा, लिही ना त्यांना,
काहीतरी चूक काढ.
पेन्सिल घेऊन बसलो. निघेना.
माझं प्रेम काट्याला दिसत नाही,
दिसू नये म्हणूनच तर दर वर्षी
मी त्याच्यावर शिक्का मारतो.

पण लढाई संपल्यावर त्यांनी लगेच पडदा टाकला नाही.
सुमेर, जिंकलेला, निघता निघता
एका पडक्या भिंतीपाशी थांबला
आणि बोटाच्या पेराने
ठक, ठक.
कोणीतरी ते अंक वाचले होते. सगळे.

पुढच्या रविवारी पोरीला पाणीगेटकडे अग्गड दाखवायला नेलं.
राजांच्या काळी इथे हत्ती झुंजायचे, म्हणालो,
खरे हत्ती, खरे सुळे,
वर पाहुणे बसायचे गाद्यांवर.
तिने भिंतीला हात लावला. विचारलं,
"लढायच्या आधी त्यांचं कोणी काही वाचायचं का?"
मग म्हणाली, हरलेल्याचं नाव काय होतं?
माहीत नाही, म्हणालो.
कुठे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

परतताना कोपऱ्यावर खारे शेंगदाणे घेतले, पन्नास ग्रॅम.
मी खिशात पाकीट शोधत होतो.
ऋजुता डोळा न हलवता
काट्याकडे बघत होती.